तीन महिन्यांची शुगर ९.४ आणि पित्ताशयाचं ऑपरेशन: थांबायचं का, आणि कुठवर?

पत्र: "डॉक्टर, माझी आई ६१ वर्षांची. १६ वर्षांपासून डायबेटिस. पित्ताशयात खडे आहेत आणि गेल्या तीन महिन्यांत दोनदा पोटात अशी कळ आली की ती तीन-चार तास तळमळत होती. सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सांगितलं. तपासण्यांमध्ये तीन महिन्यांची शुगर ९.४ आली, म्हणून भूलतज्ज्ञांनी सहा आठवडे थांबायला सांगितलंय. धाकटी बहीण म्हणते, कशाला थांबायचं, उरकून टाकू. मी या विषयावरचं संशोधन वाचत बसले आणि डायबेटिस असलेल्यांची जखम चिघळण्याचा धोका दीडपट असतो हे वाचल्यापासून मला वाटतंय की ऑपरेशनच नको. आई तर म्हणते, 'डायबेटिसवाल्यांची जखम भरत नसते, मला हात लावू नका.' तिला तीन गोळ्या आहेत, त्यातली एक लघवीवाटे साखर बाहेर काढणारी. पायांना मुंग्या येतात हे तिनं कालच पहिल्यांदा सांगितलं. मी काय करू?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारणं मागाहून. ऑपरेशन करा. भूलतज्ज्ञांनी सांगितलंय तसं थांबा, पण हे थांबणं कोणत्या तारखेला संपणार ते सर्जनला विचारून आजच लिहून ठेवा. म्हणजे बहिणीची घाई नको आणि तुमची माघारही नको.

नुसते खडे असते, कळ कधीच आली नसती, तर मी वेगळं सांगितलं असतं. एके काळी डायबेटिस असला की न दुखणारे खडेही काढून टाका, असा सल्ला सर्रास दिला जायचा. आता तसं करत नाहीत, कारण मूक खड्यांपैकी बहुतेक मूकच राहतात. पण आईंचे खडे दोनदा बोलले आहेत. एकदा कळ सुरू झाली की ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. पुढची कळ तीन तासांत ओसरेलच असं नाही. खडा तोंडाशी अडकून बसला तर पित्ताशय सुजतं, त्यात जंतू वाढतात. डायबेटिस असलेल्यांमध्ये ही सूज लवकर चिघळू शकते. पित्ताशयाची भिंत सडणं, हवा तयार करणाऱ्या जंतूंचा संसर्ग होणं हे प्रकार त्यांच्यात जास्त दिसतात. त्यात आईंच्या पायांना मुंग्या येतात. पायांच्या नसांवर परिणाम झालाय, तर पोटातल्या नसांवरही झाला असू शकतो, आणि अशा माणसाला आत सगळं बिघडलेलं असताना दुखतं मात्र थोडंच.

म्हणून 'ऑपरेशन की ऑपरेशन नाही' अशी तुलना तुम्ही करू नका. दिवसा, तयारीनिशी, शुगर ताब्यात असताना केलेलं ऑपरेशन एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला ठेवा मध्यरात्री, ताप चढलेला असताना, शुगर साडेतीनशे असताना नाइलाजानं केलेलं. तुमची निवड या दोन्हींमधली आहे.

हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. खूप वर्षांपूर्वी एका गृहस्थांना मी ऑपरेशनसाठी फिटनेस दिला नाही. तीन महिन्यांची शुगर सातच्या खाली आल्याशिवाय नाही, असं ठामपणे सांगितलं. औषधं वाढवली आणि 'तीन महिन्यांनी या' म्हणाले. मधे कधी भेटायचं, घरी काय मोजायचं, काय झालं तर धावत यायचं, यातलं काहीही सांगितलं नाही. ते नवव्या आठवड्यात आले ते स्ट्रेचरवरून. दुखणं फारसं नव्हतं. दोन दिवस अन्नावरची वासना गेली होती आणि शुगर कारण नसताना चढत होती. पोट उघडावं लागलं, पित्ताशय सडलेलं निघालं. ते वाचले, पण अतिदक्षता विभागातले ते दिवस मी त्यांच्यावर लादले, हे मला अजून टोचतं. थांबवलं यापेक्षा थांबवून वाऱ्यावर सोडलं, ही माझी चूक होती. तुमच्या बाबतीत ती होऊ नये म्हणून हे पत्र इतकं लांब लिहिते आहे.

आता तुमच्या 'दीडपट'कडे येऊ. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात डायबेटिस असलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेच्या जागी जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण सुमारे दीडपट आढळलं. पण दीडपट कशाच्या? समजा एखाद्या ऑपरेशननंतर १०० जणांपैकी तिघांची जखम चिघळते. दीडपट म्हणजे साडेचार. १०० पैकी ९५ जणांची जखम तेव्हाही नीट भरते. आईंच्या मनातलं 'भरतच नाही' आणि हे 'साडेचार' यांत किती अंतर आहे ते त्यांना बोटांवर मोजून दाखवा. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये छेद लहान असतात, त्यामुळे पोट उघडून केलेल्यापेक्षा संसर्गाचं प्रमाण मुळातच कमी असतं. हृदयाची ऑपरेशनं, मोठ्या आतड्याची ऑपरेशनं, तातडीची ऑपरेशनं असं सगळं एका टोपलीत टाकून काढलेला आकडा तुमच्या आईंच्या चार छोट्या छेदांना जसाच्या तसा लावता येत नाही.

शिवाय 'डायबेटिस असलेले' हा गट एकसारखा नसतो. कुणाची शुगर वर्षानुवर्षं ताब्यात, कुणाची कधीच नाही. कुणाच्या किडन्या थकलेल्या, कुणाचं वजन जास्त, कुणी सिगारेट ओढणारा. संशोधक या गोष्टींचा हिशोब वजा करायचा प्रयत्न करतात, पूर्ण वजा होत नाहीत. अशा लेखातला आकडा त्या सगळ्या गर्दीचा असतो. तुम्हाला हवंय ते वेगळं: या धोक्यातला कोणता भाग आपल्या हातात आहे?

त्याचं उत्तर देणारा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या रुग्णालयांमधल्या नोंदींवरून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याची आणि वजन कमी करण्यासाठीची ऑपरेशनं झालेले ११,६३३ रुग्ण त्यात होते. ऑपरेशनच्या दिवशी किंवा नंतरच्या दोन दिवसांत ज्यांची शुगर १८० च्या वर गेली, त्यांच्यात जंतुसंसर्ग सुमारे दुप्पट आढळला. पुन्हा ऑपरेशन करावं लागणं आणि मृत्यू यांचंही प्रमाण जास्त होतं. आणि हे डायबेटिस नसलेल्यांनाही लागू होतं. पण शुगर चढल्यावर ज्यांना इन्शुलिन देऊन ती खाली आणली गेली, त्यांच्यात तो वाढीव धोका ठळकपणे दिसला नाही. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नाही, एवढं ध्यानात ठेवायचं. तरीही माझ्या रोजच्या कामात मी जे पाहते त्याच्याशी तो जुळतो. कपाळावर 'डायबेटिस' लिहिलंय यापेक्षा त्या दोन-तीन दिवसांत रक्तात किती साखर फिरतेय याला जास्त वजन आहे.

असं का होतं, तेही सांगते. रक्तातली साखर खूप वर गेली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जखमेच्या जागी पोचायला उशीर करतात, पोचल्या तरी नीट मारत नाहीत. शुगर खाली आली की त्या पुन्हा कामाला लागतात, त्यासाठी महिने लागत नाहीत. हा झाला दिवसांचा हिशोब. बारीक रक्तवाहिन्या, नसा, डोळ्यांचा पडदा, किडन्या यांचं नुकसान वर्षांच्या हिशोबानं होतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नव्यानं टाइप २ डायबेटिस निघालेल्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. १९९८ मध्ये निष्कर्ष आले. एका गटाची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची शुगर, सुमारे ७ आणि दुसऱ्याची ७.९ राहिली. एवढ्याशा फरकानं बारीक रक्तवाहिन्यांशी संबंधित त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, पण त्याला दहा वर्षांचा काळ लागला. आईंच्या नसांवर १६ वर्षांत जे झालं ते सहा आठवड्यांत पुसलं जाणार नाही. पांढऱ्या पेशींचं काम मात्र सहा आठवड्यांत नक्की सुधारेल.

मग शुगर जितकी खाली तितकी चांगली? इथे संशोधनानं आम्हा डॉक्टरांनाच धडा दिला. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात शुगर ८० ते ११० मध्ये बांधून ठेवल्यावर मृत्यूचं प्रमाण ८ टक्क्यांवरून ४.६ वर आलं. जगभर तोच कित्ता गिरवला गेला. मग २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा, ६ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला आणि चित्र उलटं निघालं. कडक नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू, १८० पर्यंत शुगर चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के. तेव्हापासून ऑपरेशनच्या आसपास १०० ते १८० हा पट्टा बहुतेक ठिकाणी मानला जातो. वॉर्डात आईंची शुगर १६५ दिसली आणि नर्सनी काही केलं नाही, तर चिडू नका.

९.४ चा अर्थही असाच रोजच्या आकड्यात बदलून घ्या. ९.४ म्हणजे सरासरी शुगर साधारण २२३. ८ म्हणजे साधारण १८३. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन म्हणते, ठरवून करायच्या ऑपरेशनआधी शक्य असेल तिथे ८ च्या खाली आणा. ब्रिटनमधलं मार्गदर्शन ८.५ पर्यंत चालवून घेतं. दोन जाणत्या ठिकाणी दोन वेगळे आकडे आहेत, म्हणजे तिथे कडा नाही, उतार आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, पण या तपासणीच्या आकड्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे सहा आठवड्यांची मेहनत त्यात दिसते. आणि समजा सहा आठवड्यांनी ८.६ आलं, पण घरच्या ग्लुकोमीटरवर महिनाभर उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडे बहुतेक १८० च्या आत आहेत, तर मी पुढे ढकलणार नाही. ती वही घेऊन भूलतज्ज्ञांकडे जा. त्या वहीनं माझं मत अनेकदा बदललं आहे. रक्त फार कमी असेल तर तीन महिन्यांचा आकडा फसवाही असू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन पाहूनच तो वाचायचा.

हे आठवडे कसे वापरायचे? पहिल्याच आठवड्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. शुगर झपाट्यानं खाली आणली की आधीच बिघडलेला पडदा सुरुवातीला आणखी बिघडू शकतो, हे डीसीसीटी या डायबेटिसवरच्या १९९३ च्या मोठ्या अभ्यासातही दिसलं होतं. पडद्यावर काही असेल तर शुगर कमी करण्याचा वेग डॉक्टर ठरवतील. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहिलं नसेल तर तेही पाहा, कारण ऑपरेशननंतर कोणती वेदनाशामकं द्यायची हे किडन्यांवर ठरतं. मुंग्यांची गोष्ट आईंनी तुम्हाला सांगितली, डॉक्टरांना सांगितली का? ती भूलतज्ज्ञांपर्यंत पोचलीच पाहिजे. नसांचा त्रास असलेल्यांना छातीत न दुखताही हृदयाचा झटका येऊन गेलेला असू शकतो. भूल देताना रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पोट रिकामं व्हायला उशीर होतो, त्यामुळे उपाशी राहूनही अन्न आत शिल्लक असू शकतं. उठून उभं राहिल्यावर चक्कर येते का, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं का, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो का, हे आईंना शांतपणे विचारा आणि लिहून न्या.

डॉक्टर या काळात इन्शुलिन सुरू करा म्हणाले तर आई कदाचित नाही म्हणतील. 'एकदा सुई लागली की सुटत नाही' ही भीती मी रोज ऐकते. ऑपरेशनपुरतं सुरू केलेलं इन्शुलिन नंतर अनेकांचं बंद होतं. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, मुलीचं समजावणं आणि डॉक्टरांचं सांगणं यात फरक पडतो.

आता त्या तिसऱ्या गोळीविषयी. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख केलात याचं मला फार बरं वाटलं. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कानाग्लिफ्लोझिन, ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करायच्या असतात. एर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस आधी. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. कारण उपास आणि ऑपरेशनचा ताण यांच्यात ही गोळी पोटात असली, तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साचू शकतात आणि त्या वेळी शुगर फारशी वाढलेलीही नसते. ग्लुकोमीटर १७० दाखवतो, सगळे निर्धास्त राहतात आणि रुग्ण आतून आम्लानं भरत जातो. मळमळ, उलटी, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही त्याची लक्षणं. पोटाच्या ऑपरेशननंतर पहिल्या तीन लक्षणांना कोण वेगळं मानणार? म्हणून हे नाव फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, शेवटची गोळी कधी घेतली त्या तारखेसह. बाकीच्या गोळ्या कोणत्या दिवशी बंद आणि केव्हा सुरू, हे तोंडी ऐकून घेऊ नका, कागदावर घ्या. डायबेटिससाठीचं आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन मधल्या काळात सुरू झालं, तर तेही सांगायचं, ती औषधंही पोट रिकामं व्हायला उशीर लावतात.

थांबण्याच्या काळात यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न पाहता सरळ रुग्णालयात जा: थंडी वाजून ताप, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी, पाच-सहा तासांत न ओसरणारी कळ, थांबत नसलेल्या उलट्या. आणि आईंच्या बाबतीत आणखी एक, जे यादीत सहसा नसतं. जेवण तेच, गोळ्या त्याच, तरी दोन दिवस शुगर उगाच चढतेय आणि अन्न नको वाटतंय. दुखत नसलं तरी जा.

ऑपरेशनच्या दिवशी यादीत आईंचा नंबर सकाळी पहिला लावता येईल का, असं विचारा. उपाशी राहण्याचे तास कमी झाले की शुगरचे हेलकावेही कमी होतात. उलटी होऊ नये म्हणून भूल देताना अनेकदा डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड आहे, त्यामुळे शुगर एखादा दिवस वर जाते. घाबरू नका. २०२१ मध्ये आलेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ८ मिलिग्रॅमच्या एका डोसनं जखमेचा संसर्ग वाढला नाही, डायबेटिस असलेल्यांमध्येही नाही. शुगर मात्र वेळोवेळी मोजत राहायची.

घरी आल्यावर पहिले काही दिवस दोन्ही बाजूंनी सावध राहा. शरीर ताणात असल्यानं शुगर चढते, आणि जेवण निम्मं, गोळ्या मात्र पूर्ण, असं झालं की ती अचानक पडते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर आधी मोजा, ७० च्या खाली असेल तर लगेच साखर द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजण्याचं यंत्र हाताशी नसेल तर न मोजता द्या.

जखम रोज उजेडात पाहा. कडा थोड्या गुलाबी असणं ठीक आहे. लाली पसरत जाणं, ऊब, ओलं होणं, पू, नव्यानं दुखायला लागणं यापैकी काही दिसलं तर फोटो पाठवून भागवू नका, दाखवायला न्या. असा संसर्ग ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत उद्भवू शकतो, तेव्हा टाके सुकले म्हणून दहाव्या दिवशी पाहणं सोडू नका. आणि रुग्णालयात असल्यापासूनच रोज रात्री आईंच्या टाचा पाहा. पलंगावर एकाच स्थितीत पडून राहिल्यावर टाचेवर दाब येतो, मुंग्या येणाऱ्या पायाला तो कळत नाही, आणि पोटाची जखम सुरेख भरलेली असताना टाचेला फोड येऊन बसतो. पोटऱ्यांखाली मऊ उशी ठेवून टाचा अधांतरी राहतील असं करायला नर्सना सांगा.

सहा आठवड्यांनंतरची तारीख ठरली की मला कळवा. वहीतले आकडेही पाठवा.